माशाच्या पोटातलं प्लास्टिक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओहोटीच्या वेळी शाळेच्या मुलांना घेऊन पुळणीवर वाळू चाळायला बसलं, की भोवती माणसं जमतात. फिरायला आलेली, मासे घ्यायला निघालेली, होडी वर ओढून निवांत झालेली. सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मग मासे खायचे की नाही?" त्याचं उत्तर खाली आहे, पण मुद्दाम मागे ठेवलं आहे. मासा ताटात येण्याआधी समुद्रात जगत असतो. तिथे त्याचं काय होतं, ते आधी बघू.

मायक्रोप्लास्टिक म्हणायचं तरी कशाला?

५ मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकच्या तुकड्याला. म्हणजे तूरडाळीच्या दाण्यापासून डोळ्यांना न दिसणाऱ्या कणापर्यंत सगळं त्यात आलं. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाचे रिचर्ड थॉम्पसन यांच्या २००४ सालच्या निबंधापासून हा शब्द रूढ झाला. गोष्ट मात्र त्याहून जुनी आहे. अटलांटिकमधल्या सारगासो समुद्रात प्लास्टिकचे बारीक कण तरंगत असल्याची नोंद १९७२ मध्येच प्रसिद्ध झाली होती.

हे समुद्रात येतं कुठून?

काही प्लास्टिक मुळातच बारीक असतं, तर काही मोठ्याचं बारीक होतं.

मोठ्याचं बारीक कसं होतं, हे किनाऱ्यावर राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. अंगणात ठेवलेली प्लास्टिकची बादली दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होते आणि एक दिवस हातात तुकडा येतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लास्टिकच्या लांब साखळ्या तुटतात, ते ठिसूळ होतं. पुळणीवर ते पाण्यातल्यापेक्षा जास्त तापतं, त्यामुळे ही मोडतोड तिथे वेगाने होते. वर लाटा आणि वाळू ते दळत राहतात. एका पिशवीचे हजारो तुकडे होतात, पण प्लास्टिक तेवढंच राहतं.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ, म्हणजे आययूसीएन, याच्या २०१७ च्या अहवालात बारीक स्वरूपातच समुद्रात उतरणाऱ्या प्लास्टिकचा हिशोब आहे. त्यातला सुमारे ३५ टक्के भाग सिंथेटिक कपडे धुताना सुटलेल्या धाग्यांचा आणि २८ टक्के गाड्यांच्या टायरच्या झिजेचा. टायरचं ऐकून लोक चमकतात. पण झिजलेल्या टायरवरचं रबर कुठेतरी गेलेलंच असतं. ते रस्त्यावर पडतं, पहिल्या पावसात गटारात जातं, तिथून नाल्यात आणि खाडीत.

किनारपट्टीच्या गावांत याला आणखी भर पडते ती नायलॉनच्या जाळ्यांची, दोरांची आणि थर्माकोलची. थर्माकोल सगळ्यात वाईट. चुरगळला की त्याचे मोती होतात, आणि ते वेचून संपत नाहीत.

समुद्रातले जीव ते खातात का? त्यांना कळत नाही?

काहींना निवड करायला वावच नसतो. तिसऱ्या, कालवं, शिनाणे हे सगळे पाणी गाळून जगणारे जीव. पाण्यात जे तरंगतं ते त्यांच्या कल्ल्यांवर येतं. थोडंफार ते बाहेर टाकतात, पण बारीक कण आत जातोच.

कोपेपॉड नावाचे भुंग्याहूनही कितीतरी लहान कवचधारी जीव पाण्यात असंख्य असतात. तारली आणि बांगड्याच्या पिलांपासून मोठ्या माशांपर्यंत कित्येकांचं पोट त्यांच्यावर चालतं. हे कोपेपॉड शेवाळाच्या पेशी पकडून खातात आणि त्याच आकाराचा प्लास्टिकचा कणही गिळतात. प्रयोगशाळेत चमकणारे कण देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर त्यांच्या पारदर्शक अंगात ते कण रांगेने दिसतात. हे पाहिल्यावर मला माशापेक्षा माशाच्या खाण्याची काळजी जास्त वाटू लागली.

बाकीच्यांना वास फसवतो. पाण्यात पडलेल्या प्लास्टिकवर थोड्याच दिवसांत जिवाणूंचा आणि शेवाळाचा बुळबुळीत थर चढतो. त्यातून डायमिथाइल सल्फाइड हा वायू सुटतो. समुद्रपक्ष्यांच्या कित्येक जातींसाठी हा वास म्हणजे 'इथे खाणं आहे' अशी खूण असते. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये हा धागा उलगडला. या वासावर खाणं शोधणाऱ्या पक्ष्यांच्या पोटात प्लास्टिकही जास्त सापडत होतं. समुद्रात मुरलेल्या प्लास्टिकच्या वासाला कासवंही खाण्याच्या वासासारखा प्रतिसाद देतात, हे २०२० मध्ये दिसलं. म्हणजे हजारो वर्षं ज्या खुणेवर जनावर जगलं, तीच खूण आता त्याला खोटं सांगते. त्यात त्या जनावराची काही चूक नाही.

आणि तिसरी वाट म्हणजे खाणाऱ्याला खाणं. इंग्लंडमध्ये पाळलेल्या सील प्राण्यांना समुद्रात पकडलेले बांगडे खायला घातले आणि त्यांची विष्ठा तपासली. बांगड्यांत जसे कण होते, तसे विष्ठेतही मिळाले.

मग ते विष्ठेतून बाहेर पडतंच की! नुकसान कुठे झालं?

हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचं उत्तर सरळ नाही. मोठ्या माशाने गिळलेले बरेचसे कण खरोखर बाहेर पडतात. पोटात प्लास्टिक सापडलं म्हणजे तो मासा त्यानेच मेला, असं म्हणता येत नाही. इंग्लिश खाडीत पकडलेल्या ५०४ माशांपैकी ३६.५ टक्के माशांच्या पोटात प्लास्टिक होतं (२०१३), पण दर माशामागे एक-दोनच तुकडे.

तरीही नुकसान होतं, आणि बहुतेक वेळा ते मरणाच्या अलीकडचं असतं. पोटातली जागा प्लास्टिकने घेतली की खाणं कमी पडतं. कोपेपॉडना शेवाळासोबत प्लास्टिकचे कण दिले, तेव्हा त्यांनी अन्नातला कार्बन जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी खाल्ला. त्यांची अंडी लहान झाली आणि त्यातून पिलं कमी निघाली. फ्रान्समध्ये कालवांना दोन महिने पॉलिस्टायरिनच्या बारीक कणांत ठेवलं. मादीची अंडी ३८ टक्क्यांनी घटली, नराच्या शुक्राणूंचा वेग २३ टक्क्यांनी मंदावला आणि पुढच्या पिढीच्या अळ्या ४१ टक्क्यांनी कमी झाल्या (२०१६). कालवं मेली नाहीत. बाहेरून बघणाऱ्याला ती ठणठणीतच दिसली असती.

शिनाण्यांच्या एका जुन्या प्रयोगात (२००८) काही मायक्रोमीटर (मिलिमीटरचा हजारावा भाग) आकाराचे कण तीन दिवसांत आतड्यातून त्यांच्या रक्तद्रवात पोचले आणि ४८ दिवसांनंतरही तिथे होते. म्हणजे पुरेसा बारीक कण फक्त आत जाऊन बाहेर येत नाही, तो अंगात शिरतो.

ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाव बेटावर समुद्रावर जगणारे शीअरवॉटर पक्षी घरटी करतात. त्यांच्या पिलांच्या जठरात प्लास्टिकने सतत खरवडून जखमेचे वण धरलेले आढळले. २०२३ मध्ये संशोधकांनी त्याला 'प्लास्टिकोसिस' असं नाव दिलं. एका पदार्थाच्या नावाने रानटी पक्ष्यांमध्ये रोग ओळखला जावा, हे वाचून मी बराच वेळ काही बोललो नव्हतो. याच जातीचे पक्षी आपल्या अरबी समुद्रातही येतात.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. प्रयोगशाळेत दिलेली मात्रा कित्येकदा आजच्या समुद्रातल्या मात्रेपेक्षा जास्त असते, आणि वापरलेले कण गोल, स्वच्छ, एकाच आकाराचे असतात. समुद्रातले कण वेडेवाकडे, मुरलेले, तऱ्हेतऱ्हेचे. त्यामुळे आकडे जसेच्या तसे समुद्राला लावायचे नाहीत. दिशा मात्र स्पष्ट आहे, आणि पाण्यातलं प्रमाण दरवर्षी वाढतंच आहे.

प्लास्टिकला विष चिकटतं म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. टोकियोच्या हिदेशिगे ताकादा यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवलं, की पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे दाणे (कारखान्याचा कच्चा माल, त्याबद्दल पुढे येईल) पाण्यातली पीसीबीसारखी विषारी रसायनं प्रचंड प्रमाणात शोषून घेतात. पुढे जगभरच्या लोकांनी आपापल्या किनाऱ्यावरचे दाणे पाकिटात घालून ताकादांकडे पाठवले आणि त्यावरून किनाऱ्यांच्या प्रदूषणाचा नकाशा तयार झाला. हा उपक्रम मला फार आवडतो.

पण ही चिकटलेली रसायनं माशाला प्लास्टिकमुळे जास्त मिळतात की नेहमीच्या खाण्यातून, याचा हिशोब केला, तर बहुतेक ठिकाणी खाण्याचाच वाटा मोठा निघतो. प्लास्टिक बनवतानाच त्यात घातलेल्या रसायनांची गोष्ट निराळी. आग रोखण्यासाठी घातलेली काही द्रव्यं पोटातल्या प्लास्टिकमधून समुद्रपक्ष्यांच्या चरबीत उतरल्याचं दिसलं आहे.

कासवांचं काय?

वेळास, आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले कासवांची पिलं समुद्राकडे जाताना ज्यांनी पाहिली आहेत, ते हमखास विचारतात.

जगात समुद्री कासवांच्या सात जाती आहेत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सातही जातींची मिळून १०२ मेलेली कासवं तपासली. एकाचंही आतडं कोरं नव्हतं. सगळ्यात जास्त सापडले ते धागे. ही कासवं अटलांटिक, पॅसिफिक आणि भूमध्य समुद्रातली होती, हे लक्षात ठेवावं. शिवाय कासवांचा मोठा घात अजूनही मोठंच प्लास्टिक करतं : पिशवी, नायलॉनचा दोर, तुटून भरकटलेलं जाळं.

अंड्यांचा प्रश्न वेगळा आहे. कासवाचं पिलू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. वाळू जास्त तापली की माद्या जास्त. वाळूत प्लास्टिक मिसळलं की तिचं तापणं-निवणं बदलू शकतं, म्हणून घरट्यांच्या खोलीपर्यंतची वाळू आता तपासली जाऊ लागली आहे.

देवमाशासारख्या अजस्र प्राण्याला एवढ्याशा कणाचं काय?

तो खातोच एवढ्याशा जिवांना. निळा देवमासा क्रिल नावाचे झिंग्यासारखे बारीक जीव टनावारी गिळतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर त्यांच्या डुबक्या आणि पाण्यातलं प्लास्टिक यांचा मेळ घालून २०२२ मध्ये अंदाज काढला गेला : दिवसाला एक कोटीपर्यंत कण. आणि बहुतेक सगळे पाण्यातून थेट नव्हेत, तर क्रिलच्या पोटातून. अर्थात हे गणित आहे, देवमाशाचं पोट कोणी फाडून मोजलेलं नाही.

निदान खोल समुद्र तरी स्वच्छ असेल?

नाही. पॅसिफिक महासागराच्या कडेच्या सहा अतिखोल गर्तांमधले झिंग्यासारखे जीव २०१९ मध्ये तपासले गेले. सुमारे ७२ टक्के जिवांच्या पोटात माणसाने बनवलेले धागे किंवा कण होते. मारियाना गर्तेत तर प्रत्येकाच्या. तिथेच सापडलेल्या एका नव्या जातीला २०२० मध्ये नाव मिळालं 'युरिथेनेस प्लास्टिकस'. विज्ञानाला तिची ओळख होण्याआधीच तिच्या पोटात प्लास्टिक पोचलं होतं.

आपल्या किनाऱ्यावर किती आहे?

मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेतल्या संशोधकांनी अक्सा, वर्सोवा, जुहू आणि दादर या चार चौपाट्या तपासून २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले. चौरस मीटरमागे सरासरी ६८-६९ प्लास्टिकचे तुकडे, आणि त्यातले चाळीस टक्क्यांहून जास्त ५ मिलिमीटरच्या आतले.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने केरीपासून गालजीबागपर्यंतच्या किनाऱ्यांवर प्लास्टिकचे दाणे शोधले. बहुतेक पांढरे, पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनचे. नैऋत्य मोसमी वारे आणि त्या काळातले प्रवाह ते किनाऱ्यावर आणून टाकतात. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून उधाणाच्या वेळी कचरा परत रस्त्यावर येतो, तो दिसतो म्हणून बातमी होते. दाणे त्याच लाटांनी येतात, पण वाळूत मिसळून जातात.

हे दाणे म्हणजे नक्की काय?

प्लास्टिकच्या धंद्यात त्याला दाणाच म्हणतात. बादली, पाइप, डबा, काहीही बनवायचं तर कारखान्यात आधी हा दाणा येतो आणि तो वितळवून साच्यात घालतात. साबुदाण्यासारखा दिसतो, म्हणून पक्षी आणि मासे त्याला अंडी समजतात.

२० मे २०२१ ला कोलंबोजवळ 'एक्स-प्रेस पर्ल' या मालवाहू जहाजाला आग लागली आणि २ जूनला ते बुडालं. सुमारे १,६८० टन दाणे समुद्रात पडले. जगातली ही दाण्यांची नोंदलेली सर्वांत मोठी गळती. श्रीलंकेच्या पश्चिम किनाऱ्यावर काही ठिकाणी गुडघ्याएवढे थर साचले. आगीत भाजून काळे पडलेले, एकमेकांना चिकटलेले गोळे तर दगडांसारखे दिसत होते, ते वेचणं आणखी कठीण. माशांच्या तोंडात आणि कल्ल्यांत अडकलेले दाणे लोकांनी तेव्हा फोटोंत पाहिले. तिथल्या कोळ्यांची मासेमारी बंद पडली. जुलै २०२५ मध्ये श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १ अब्ज डॉलर भरपाईचा आदेश दिला.

आणि २५ मे २०२५ ला आपल्याच समुद्रात, केरळच्या किनाऱ्यापासून जवळ, 'एमएससी एल्सा ३' बुडालं. काही दिवसांतच तिरुवनंतपुरमच्या पुळणींवर पांढरे दाणे आले. पावसाळा सुरू झालेला असताना स्वयंसेवक चाळण्या घेऊन वाळूत बसले होते.

दाणा विषारी माल म्हणून वाहिला जात नाही, त्यामुळे त्याचा कंटेनर जहाजावर कुठेही ठेवला जातो. माझ्या मते ही चूक दुरुस्त करणं, हा या सगळ्या प्रश्नातला सर्वांत सोपा आणि सर्वांत रखडलेला उपाय आहे.

आता सांगा, मासे खायचे की नाही?

खा. बांगडा, सुरमई, पापलेट आपण पोट साफ करून खातो, आणि मोठे कण पोटातच असतात. अख्खे खाल्ले जाणारे जीव वेगळे : तिसऱ्या, कालवं, शिनाणे, जवळा. त्यांच्याबरोबर त्यांच्या पोटातलंही आपल्या पोटात जातं. तिसऱ्या वाळू सोडाव्यात म्हणून पाण्यात ठेवायची आपल्याकडे रीत आहे, ती चांगलीच आहे. शिनाणे तीन दिवस स्वच्छ समुद्राच्या पाण्यात ठेवले, तेव्हा त्यांच्यातले कण सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचं युरोपात दिसलं.

एडिंबरोतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये फार उद्बोधक तुलना केली. शिनाण्यांमधून पोटात जाणारे धागे आणि जेवताना घरातल्या धुळीतून ताटात पडणारे धागे. धुळीचा आकडा वर्षाला १३ हजारांपासून ६८ हजारांपर्यंत निघाला, शिनाण्यांचा त्यापुढे अगदीच किरकोळ. म्हणजे मासे सोडून प्लास्टिक सुटणार नाही.

प्लास्टिकचा माणसाच्या तब्येतीवर काय परिणाम होतो, यावर अभ्यास चालू आहे. मानेच्या रक्तवाहिन्यांतल्या चरबीच्या थरात प्लास्टिक सापडलेल्या रुग्णांना पुढच्या सुमारे तीन वर्षांत हृदयविकार, पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका जवळजवळ साडेचार पट आढळला, असा इटलीतला अभ्यास मार्च २०२४ मध्ये आला. त्यातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही.

आपण आठवड्याला क्रेडिट कार्डाएवढं प्लास्टिक खातो ना?

नाही. पाच ग्रॅमचा तो आकडा २०१९ मध्ये गाजला. नंतर कणांचं वजन नीट धरून केलेल्या हिशोबात तो कित्येक लाख पटींनी खाली आला. असे आकडे पुढे पाठवू नका. खोटं उघडं पडलं की लोक खऱ्यावरचाही विश्वास काढून घेतात. माशांची पिलं खाण्यापेक्षा प्लास्टिकच पसंत करतात, असं सांगणारा २०१६ चा एक गाजलेला निबंधही पुढच्याच वर्षी मागे घ्यावा लागला होता.

'बायोडिग्रेडेबल' पिशवी चालेल का?

नावावर जाऊ नका. प्लिमथमध्ये अशा पिशव्या तीन वर्षं जमिनीत आणि समुद्रात ठेवल्या. 'बायोडिग्रेडेबल' लिहिलेली पिशवी तीन वर्षांनीही बाजाराचं ओझं उचलत होती. कापडी पिशवी घ्या.

समुद्र गाळून स्वच्छ करता येणार नाही?

मोठा कचरा काढता येतो, बारीक नाही. जी जाळी कण पकडेल, ती कोपेपॉड आणि माशांची अंडीही पकडेल. २०२३ च्या अंदाजानुसार समुद्रांच्या पृष्ठभागावर १७१ लाख कोटी कण तरंगत आहेत. खाली बुडालेले, वाळूत मुरलेले यात धरलेले नाहीत.

म्हणून तुकडा मोठा असतानाच उचलायचा. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ पासून लोकांना बरोबर घेऊन हेच केलं. मार्च २०१८ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडलेची पिलं समुद्राकडे जाताना दिसली.

मासेमारी करणाऱ्यांनी काय करावं?

आधी हे सांगतो, की कोळ्यांना दोष देऊन सुरुवात करू नये. डोलीच्या जाळ्यात मासळीपेक्षा कचरा जास्त येतो तेव्हा नुकसान त्यांचंच होतं, आणि तो निवडायला तासन्तास जातात. जाळ्यात आलेला कचरा परत पाण्यात न टाकता बंदरावर आणायचा, तर तो घेणारं कुणीतरी बंदरावर हवं. केरळात कोल्लमजवळ नींदकर बंदरात २०१७ पासून 'शुचित्व सागरम्' योजनेत हे सुरू झालं. बोटी कचरा आणतात, तो वेगळा करून बारीक करतात आणि रस्त्याच्या डांबरात वापरतात. आपल्या बंदरांवर अशी जागा आणि माणसं मिळावीत, ही मागणी मच्छीमार सोसायट्यांनी लावून धरायला हवी. जुनी जाळी पुळणीवर जाळू नयेत, किंवा पुरूही नयेत.

आणि घरी?

ॲक्रिलिकचे स्वेटर आणि पॉलिस्टरचे कपडे कमी वेळा, मशीन पूर्ण भरून, थंड पाण्यात धुवा. सहा किलो ॲक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यात सात लाखांहून जास्त धागे सुटल्याचं २०१६ मध्ये मोजलं गेलं. मशीनच्या जाळीत जमलेला लगदा मोरीत न सोडता कचऱ्यात टाका. सजावटीत चमकी आणि थर्माकोल टाळा.

बाकीचं एकट्याच्या हातात नाही. प्लास्टिकवरच्या जागतिक कराराची बोलणी २०२२ पासून चालू आहेत आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हातही ती तुटली. प्लास्टिक बनवण्यावरच मर्यादा घालायची की फक्त कचऱ्याचं बघायचं, यावर देश अडून बसले. मर्यादा घातलीच पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं.

मुलांना घेऊन वाळू चाळायची आहे. कशी?

भरतीने जिथे कचऱ्याची रेघ सोडलेली असते, तिथे एक फूट लांब-रुंद चौकोन आखा. वरची बोटभर वाळू कोरडी असेल तर पिठाच्या चाळणीतून चाळा. ओली असेल तर बादलीत समुद्राचं पाणी घेऊन ढवळा. हलके तुकडे वर येतात, ते गाळून घ्या. पांढऱ्या ताटलीत पसरून मोजा : दाणे, तुकडे, धागे, थर्माकोल. शिंपल्याचे कण नखाने दाबले की मोडतात, प्लास्टिक सहसा वाकतं. धाग्यांवर फार भरवसा ठेवू नका, ते मुलांच्या कपड्यांचेही असू शकतात. तारीख, जागा आणि आकडा वहीत लिहा. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच जागी परत मोजा.